मायक्रोवेव्ह सगळा चालू, पण गरम करत नाही आणि आवाज जड येतो: मॅग्नेट्रॉन गेला की आणखी काही?

कुतूहल

२० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह आहे, डिजिटल पॅनेलचा, २३० व्होल्टवर चालणारा. मागच्या पट्टीवर इनपुट ११५० वॅट आणि आउटपुट ७०० वॅट असं छापलंय. टाइमर सुरू होतो, आतला दिवा लागतो, ताटली फिरते, पंख्याची हवा मागून येते. पण कपभर पाणी मिनिटभर ठेवलं तरी कोमटसुद्धा होत नाही. पूर्वी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आवाज बदलून हलकी गुणगुण यायची. आता पहिल्या क्षणापासून जड घरघर येते आणि बंद करेपर्यंत तशीच राहते. फ्यूज उडालेला नाही, नाहीतर दिवाही लागला नसता.

जो तो म्हणतो मॅग्नेट्रॉन गेला. लहरी तयार करणारा तो सगळ्यात महागडा भाग, त्यामुळे नुसत्या अंदाजावर बदलायचा नाही. माझ्याकडे कपॅसिटन्स मोजणारा डिजिटल मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग येतं, २३० व्होल्टच्या वायरिंगची सवय आहे. हाय व्होल्टेजची नाही. कुठल्या क्रमाने तपासायचं आणि प्रत्येक भागाचं रीडिंग किती यायला हवं? शिवाय चांगला हाय व्होल्टेज डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मीटरवर दोन्ही बाजूंनी ओपन, म्हणजे करंट जातच नाही असं, दाखवतो असं वाचलं. मग चांगला-वाईट ओळखायचा कसा?

ओहम

आधी एक काम करा: आता तो पुन्हा चालवून बघू नका. जड घरघर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा भार पडतोय. असा चालवत राहिलात तर वाइंडिंगचं वॉर्निश जळतं आणि एका भागाच्या जागी दोन बदलावे लागतात.

उघडण्याआधी धोका नीट समजून घ्या, कारण इथला धोका घरातल्या इतर कुठल्याही उपकरणासारखा नाही. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे साधारण २००० व्होल्ट करतो. कंडेन्सर आणि डायोड मिळून ते दुप्पट करतात, आणि मॅग्नेट्रॉनच्या कॅथोडवर बॉडीच्या मानाने उणे ४००० व्होल्टच्या आसपास दाब येतो. त्यामागे काही शे मिलिअँपिअर देण्याची ताकद असते. घरातली आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) इथे वाचवत नाही, कारण हाय व्होल्टेजचा करंट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीतून (हाय व्होल्टेज देणाऱ्या वाइंडिंगमधून) निघून बॉडीमार्गे तिथेच परत येतो. मेनच्या फेज-न्यूट्रलमध्ये तफावत पडतच नाही, मग ती ट्रिप कशी होणार? म्हणून चालू मशीनमध्ये हाय व्होल्टेजच्या बाजूला मल्टीमीटर कधीच लावायचा नाही. ६०० किंवा १००० व्होल्टचा मीटर तिथे फुटतो, आणि प्रोब हातात असतो. सुदैवाने त्याची गरजही नाही. खाली सांगतोय ती सगळी मापं प्लग काढून, कंडेन्सर डिस्चार्ज करून घ्यायची आहेत.

डिस्चार्ज असा. प्लग काढून समोर, नजरेच्या टप्प्यात ठेवा. पाच-दहा मिनिटं थांबा. कंडेन्सरच्या आत बहुतेक वेळा १० मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो, तो काही सेकंदांत चार्ज उतरवायला सुरुवात करतो. पण तो रेझिस्टर ओपन झाला असेल तर चार्ज तासन् तास टिकतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहायचं नाही. १० किलोओहम, २ वॅटचे पाच रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून जाड स्लीव्हमध्ये घाला. (एकच छोटा पाव वॅटचा रेझिस्टर घेतला तर त्याच्या अंगावरूनच ठिणगी उडते, तेवढ्या दाबासाठी तो बनलेलाच नसतो.) एका टोकाला चांगल्या इन्सुलेशनची प्रोब, दुसऱ्या टोकाला मगरचिमटा. चिमटा बॉडीच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावा. एक हात पाठीमागे ठेवून प्रोब कंडेन्सरच्या एका टर्मिनलला पाच सेकंद धरा, मग दुसऱ्याला. नंतर चिमटा एका टर्मिनलवर लावून प्रोब दुसऱ्यावर धरा. त्यानंतर इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टर्मिनलं थेट शॉर्ट करा, आणि शेवटी डीसी व्होल्टवर मीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. मशीन बिघडलेलं असताना हे जास्तच काटेकोरपणे करायचं. मॅग्नेट्रॉन करंट ओढत नसेल तर कंडेन्सर पूर्ण शिखरापर्यंत, म्हणजे २८०० व्होल्टच्या पुढे, चार्ज होऊन बसतो.

आता आवाजाचा अर्थ. मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट (आतली तापणारी तार) तुटला किंवा त्याचं कनेक्शन सुटलं तर मशीन गप्प राहतं: ट्रान्सफॉर्मर बिनभाराचा, आवाज हलका, गरम काहीच नाही. डायोड ओपन झाला तरी तसंच. जड घरघर येते ती शॉर्टमुळे, आणि शॉर्ट कशात आहे हे फ्यूजवरून बरंचसं कळतं. कंडेन्सर शॉर्ट झाला तर डायोड थेट सेकंडरीवर येतो, करंटला अडवायला काही उरत नाही, फ्यूज जातो. डायोड शॉर्ट झाला तर करंट कंडेन्सरमधूनच जावा लागतो. १ मायक्रोफॅरडचा ५० हर्ट्झला अडथळा ३२०० ओहमच्या आसपास, त्यामुळे करंटला लगाम राहतो. ट्रान्सफॉर्मर घरघरतो, तापतो, पण मुख्य फ्यूज पुष्कळदा टिकतो. तुमचं लक्षण या दुसऱ्या प्रकारात बसतंय. तरी मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

मापं घेताना प्रत्येक भागाच्या वायरी काढा, नाहीतर शेजारच्या भागाचं रीडिंग मिसळतं. काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

ट्रान्सफॉर्मर: प्रायमरी (मेनकडचं वाइंडिंग) १ ते ३ ओहम (१२० व्होल्टच्या मशीनमध्ये १ ओहमपेक्षाही कमी), प्रायमरी ते बॉडी ओपन. सेकंडरीचं एक टोक कोअरलाच जोडलेलं असतं, म्हणून दुसरं टोक ते बॉडी मोजायचं: ६० ते १५० ओहम. फिलामेंटचं जाड वायरचं दोन-तीन वेढ्यांचं वाइंडिंग जवळजवळ शून्य.

कंडेन्सर: लेबलवर ०.७ ते १.२ मायक्रोफॅरडमधली जी किंमत असेल तिच्या पाच-दहा टक्क्यांत यायला हवा. दोन टर्मिनलांमध्ये १० मेगाओहमच्या आसपास, आणि कुठलंही टर्मिनल ते त्याचा पत्र्याचा डबा पूर्ण ओपन. डब्याकडे थोडासाही रेझिस्टन्स दिसला तर तो बाद.

मॅग्नेट्रॉन: दोन टर्मिनलांमध्ये १ ओहमपेक्षा कमी (मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून), आणि टर्मिनल ते बॉडी सर्वात वरच्या रेंजवरही ओपन. आकडे दिसले तर शॉर्ट. थंड मॅग्नेट्रॉन मीटरवर ठीक दिसला म्हणून तो ठीक आहेच असं नसतं. मात्र वाईट दिसला तर तो नक्की वाईट.

दुरुस्तीवाली

ओहम यांनी डायोडचं राहू दिलंय, ते मी पुरं करते. या डायोडच्या आत अनेक जंक्शन सिरीजमध्ये असतात. पुढच्या दिशेनेही तो काही व्होल्ट घेतो, आणि मीटरची डायोड रेंज तेवढे व्होल्ट देतच नाही. म्हणून चांगला डायोड दोन्हीकडून ओपन दिसतो. ९ व्होल्टची ताजी बॅटरी, डायोड आणि डीसी व्होल्टवरचा मीटर, तिघं सिरीजमध्ये जोडा. एका दिशेने मीटरवर काही व्होल्ट दिसतील, डायोड उलटा केला की जवळजवळ शून्य. दोन्ही दिशांनी पूर्ण ९ व्होल्ट आले तर शॉर्ट, दोन्ही दिशांनी शून्य आलं तर ओपन. पण शॉर्ट झालेला डायोड इतकं कष्ट देत नाही, साध्या ओहम रेंजवरच दोन्ही बाजूंनी बीप देतो.

काही मशीनमध्ये कंडेन्सरच्याच दोन टर्मिनलांवर आडवा लावलेला आणखी एक भाग असतो, दिसायला डायोडसारखाच. तो प्रोटेक्टर. तो शॉर्ट झाला तर कंडेन्सर शॉर्ट झाल्यासारखंच होतं. तो वेगळा काढून मोजा. त्यात कुठल्याही दिशेने बीप यायला नको.

झाकण न काढता करता येणारी एक चाचणी अशा वेळी उपयोगी पडते, निदान पुढच्या वेळी लक्षात ठेवा. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर असेल तर मशीनमध्ये पेलाभर पाणी ठेवून दहा सेकंद चालवायचं. १०० वॅटच्या आत आकडा राहिला तर फक्त दिवा, पंखा आणि मोटार चालतेय, ट्रान्सफॉर्मरला वीजच पोचत नाही. मग हाय व्होल्टेजकडे बघायचंही कारण नाही. दाराचे स्विच, थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा भाग), रिले (बोर्डवरचा विजेवर चालणारा स्विच) एवढंच तपासायचं. आकडा पट्टीवरच्या इनपुटच्या जवळ असेल आणि तरी गरम होत नसेल तर ऊर्जा शॉर्टमध्ये जातेय.

वीज पोचतेय का हे बघायची सुरक्षित पद्धत: प्लग काढा, डिस्चार्ज करा, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन्ही वायरी काढून त्यांना साधा बल्ब जोडा, जोड टेपने नीट झाका, मग प्लग लावून मशीन सुरू करा. प्रायमरी सुटलेली असल्यामुळे हाय व्होल्टेज तयारच होत नाही. मात्र फ्यूज, स्विच आणि बोर्डवर मेनचे २३० व्होल्ट आहेतच, हात आत घालायचा नाही. बल्ब लागला म्हणजे स्विच, कटआउट आणि रिले ही सगळी साखळी ठीक. बल्ब लागला नाही तर प्लग काढून एकेक भाग कंटिन्यूइटीवर. थर्मल कटआउट थंड असताना शून्य ओहमच दाखवायला हवा. रिलेच्या पायांचं सोल्डर भिंगातून बघा, पायाभोवती बारीक काळी कडी दिसली तर सांधा तडकलाय. घट्ट दिसतो, पण गरम झाला की सुटतो.

मशीन इन्व्हर्टरचं असेल, म्हणजे आत लोखंडी ट्रान्सफॉर्मरऐवजी हीटसिंकवाला बोर्ड असेल, तर वरचं बरंचसं लागू नाही. तो हीटसिंकही चालू असताना जिवंत असू शकतो. मॅग्नेट्रॉन आणि कटआउट मोजून ठीक आले तर बोर्ड अख्खा बदलायचा, त्यावरचे भाग सुटे दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये.

साखळी

धाग्यात घुसतोय, पण विषय जवळचा आहे. आमच्या मशीनचा फ्यूज दार उघडताना उडतो. दोनदा बदलला. मशीन चालवताना काही होत नाही, गरमही नीट करतं. १० अँपिअरचा फ्यूज आहे, १५ चा टाकला तर चालेल का?

दुरुस्तीवाली

साखळी, १५ चा टाकू नका. फ्यूज इथे त्याचं काम चोख करतोय.

दाराच्या लॅचमागे तीन स्विच असतात. प्रायमरी आणि सेकंडरी नावाचे दोन स्विच दार बंद झालं की जोडले जातात. तिसरा मॉनिटर स्विच उलटा: दार उघडल्यावर तो जोडला जातो, आणि जोडला गेला की ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या फेज-न्यूट्रलला मुद्दाम शॉर्ट करतो. सगळं ठीक असेल तर त्या क्षणी प्रायमरी आधीच सुटलेला असतो, त्यामुळे काही घडत नाही. पण प्रायमरीचे कॉन्टॅक्ट आत चिकटून बसले असतील तर दार उघडूनही मायक्रोवेव्ह चालू राहण्याचा धोका असतो. तो मॉनिटर स्विच फ्यूज उडवून टाळतो. दार उघडताना फ्यूज उडतो याचा पहिला अर्थ हाच घ्यायचा.

प्लग काढून, डिस्चार्ज करून, वायरी सोडवून मोजा. दार बंद: प्रायमरीत बीप, मॉनिटरमध्ये नाही. दार उघडं: प्रायमरीत नाही, मॉनिटरमध्ये बीप. दार अगदी सावकाश उघडून बघा. प्रायमरी आधी सुटायला हवा आणि मॉनिटर नंतर जोडला जायला हवा. क्रम उलटला असेल तर स्विच चांगले असूनही फ्यूज उडतो, आणि तेव्हा दोष लॅचच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यात किंवा झिजलेल्या हुकात असतो. सांगाड्याचे स्क्रू ढिले करून तो मिलिमीटरभर सरकवता येतो का बघा.

बदलायचे झाले तर तिन्ही एकदम बदला. ज्या मॉनिटरने फ्यूज उडवला त्याच्या कॉन्टॅक्टमधून शॉर्टचा पूर्ण करंट गेलेला असतो. पुढच्या वेळी तो नीट जोडला जाईल याची खात्री नाही, आणि तो जोडला गेला नाही तर संरक्षणच गेलं. नवे स्विच १६ अँपिअर, २५० व्होल्टचेच घ्या. एनओ (एरवी सुटलेला) आणि एनसी (एरवी जोडलेला) यांची अदलाबदल होऊ देऊ नका, दोन्ही दिसायला सारखेच असतात आणि फरक फक्त अंगावरच्या छोट्या आकृतीत असतो. प्रत्येकाची बटणाची बाजू आणि पिनांची रुंदी जुन्याशी ताडून घ्या. फ्यूज सिरॅमिकचाच हवा, काचेचा नको. शॉर्टच्या वेळी काचेचा फुटून तुकडे उडतात.

कुतूहल

खूप धन्यवाद. सगळी मापं घेतली. प्रोटेक्टर नाही आमच्या मशीनमध्ये.

कंडेन्सरवर ०.९५ मायक्रोफॅरड, २१०० व्होल्ट छापलंय, मीटरवर ०.९४ आले. टर्मिनलांमध्ये ९.८ मेगाओहम, डब्याकडे दोन्हीकडून ओपन. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी २.१ ओहम, सेकंडरी १०४, प्रायमरी ते बॉडी ओपन. मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट वायरींचा रेझिस्टन्स वजा केल्यावर ०.१ च्या आसपास, बॉडीकडे ओपन. डायोड मात्र ओहम रेंजवर दोन्ही बाजूंनी बीप देतोय, ०.६ ओहम.

आणखी एक गोष्ट दिसली. मॅग्नेट्रॉनच्या दोनपैकी एका टर्मिनलवरचा थिंबल (वायरच्या टोकाचा, पट्टीवर बसणारा पितळी भाग) हाताने हलतो, त्याचं पितळ निळसर-काळं झालंय, आणि त्याच्या शेजारचं वायरचं इन्सुलेशन कडक होऊन चिरलंय. टर्मिनलची पट्टी तपकिरी आहे.

डायोडवरचा नंबर पुसलाय. कुठला घ्यायचा? कंडेन्सर चांगला दिसत असला तरी जोडीने बदलावा का? आणि तो थिंबल नुसता आवळला तर चालेल?

ओहम

डायोडचं नक्की झालं. या आकाराच्या मशीनला सर्वसाधारणपणे १२ किलोव्होल्ट, ३५० मिलिअँपिअरचा डायोड चालतो. तेवढा किंवा त्याहून मोठा घ्या, लहान नको. ९०० वॅट आउटपुटच्या पुढच्या मशीनला ५०० मिलिअँपिअरच्या पुढचा लागतो. तो तुमच्याकडेही बसेल, तोटा काही नाही. बॅटरीची चाचणी नव्या डायोडवरही आधी करून घ्या. नवा भाग डबीतूनच खराब निघतो असं होतं.

दिशा: डायोडच्या अंगावर बाणाची खूण किंवा एका टोकाला पट्टी असते. पट्टीचं टोक, म्हणजे कॅथोड, बॉडीला जातं. बहुधा तिथे स्क्रूसाठी गोल लग असतो. दुसरं टोक कंडेन्सरच्या ज्या टर्मिनलवरून मॅग्नेट्रॉनकडे वायर जाते तिथे लागतं. उलटा बसला तर कॅथोडवर उणे दाब तयारच होत नाही आणि मशीन गरम करत नाही. बॉडीचा स्क्रू जिथे बसतो तिथला रंग किंवा गंज घासून काढा. तो सांधा ढिला राहिला तर तिथे आर्क होतो, म्हणजे ठिणग्या पडतात.

कंडेन्सरची मापं निर्दोष आहेत, बदलायची गरज नाही. त्याच्या टर्मिनलांच्या मुळाशी तेलाचा ओशटपणा किंवा डबा फुगलेला दिसला तर गोष्ट वेगळी.

एक शंका मात्र मनात ठेवा. डायोड वयानेही जातो, पण कधी कधी मॅग्नेट्रॉन आत आर्क करतो आणि तो धक्का डायोडला मारतो. थंड मीटरला ते दिसत नाही. नवा डायोड लावल्यावर मशीन चालताना मधूनच आवाज जड व्हायला लागला, किंवा नवा डायोडही थोड्या दिवसांत शॉर्ट झाला, तर तिसरा डायोड न आणता मॅग्नेट्रॉन बदला.

थिंबलबद्दल पकड_पाना सांगतील, तो त्यांचा आवडता विषय आहे.

पकड_पाना

सांगतो. कारण 'मॅग्नेट्रॉन गेला' म्हणून टाकून दिलेल्या मॅग्नेट्रॉनमध्ये बरेच असे असतात की ज्यांचा फक्त हा सांधा गेलेला असतो.

फिलामेंटला दाब फक्त ३.३ व्होल्टच्या आसपास मिळतो, पण करंट १० अँपिअर. सांध्यात नुसता ०.१ ओहम वाढला तर त्यातच १ व्होल्ट खर्च होतो. फिलामेंट पुरेसा तापत नाही, मॅग्नेट्रॉन उशिरा सुरू होतो किंवा होतच नाही, आणि तेच १० वॅट त्या इवल्याशा पितळी पट्टीत उष्णता होऊन बसतात. पितळ तापलं की त्याचा स्प्रिंगपणा जातो, पकड आणखी सुटते, सांधा आणखी तापतो. निळा-काळा रंग म्हणजे हा फेरा पुरा झालाय. म्हणून जुना थिंबल पक्कडीने आवळून उपयोग नाही. आठवडाभर चालेल, मग परत तेच.

वायर चिरलेल्या भागाच्या मागे, जिथे तांबं चकचकीत लागतं तिथपर्यंत कापा. नवा पितळी थिंबल (टर्मिनलची पट्टी मोजून घ्या, बहुधा ६.३ मिलिमीटर) चांगल्या क्रिंपरने दाबा आणि ओढून बघा. वायर कमी पडत असेल तर मध्ये जोड देऊ नका. ती ट्रान्सफॉर्मरच्या फिलामेंट वाइंडिंगचीच वायर असते आणि तिच्यावर ४००० व्होल्ट असतात, साधी घरगुती वायर तिथे चालत नाही. मॅग्नेट्रॉनची तपकिरी पट्टी बारीक पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. घासताना पट्टी वाकवू नका आणि तिच्या मुळाशी जोर देऊ नका. थिंबल असा बसायला हवा की हाताने ओढून सहज निघता कामा नये. कुठली वायर कुठल्या टर्मिनलवर होती ते फोटो बघून तसंच ठेवा.

पुढे कधी मॅग्नेट्रॉन बदलावा लागलाच तर नुसती वॅटची किंमत जुळवून भागत नाही. जुना समोर ठेवून बघा: स्क्रूच्या भोकांची जागा, अँटेनाची लांबी, टर्मिनलांचा डबा कुठल्या बाजूला, आणि गार करायच्या पत्र्यांमधून हवा कुठल्या दिशेने जाते. शेवटचं विसरलं जातं. पत्रे ९० अंशांत फिरलेले असले तर तो बसतो छान, पण पंख्याची हवा त्यातून जातच नाही आणि थर्मल कटआउट पुन्हा पुन्हा तोडतो. अँटेनाभोवतीची धातूच्या जाळीची गोल गॅस्केट जागेवर असायलाच हवी. ती नसली तर वेव्हगाइडच्या (लहरी आत नेणाऱ्या पत्र्याच्या नळीच्या) तोंडाशी फट राहून आर्क होतो आणि लहरी केसच्या आत सुटतात. चारही स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. लोखंडी हत्यार जवळ नेलं की मॅग्नेट खेचून घेतो, आणि तो फेराइटचा असल्यामुळे आपटला की तडकतो. तडकलेला मॅग्नेट म्हणजे मॅग्नेट्रॉन बाद. आतलं सिरॅमिक कधीही फोडायचं किंवा घासायचं नाही, काही प्रकारांत ते बेरिलियम ऑक्साइडचं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

उघडलंच आहे तर आतल्या भिंतीवरची मायका शीटही बघून घ्या. तिच्यावर तेलकट डाग करपून काळा ठिपका झाला असेल तर तो भाग वीज वाहायला लागतो आणि तिथेच ठिणग्या पडतात. नवी शीट जुनीवर ठेवून पेन्सिलने आखा, कात्रीने कापा, कोपरे गोल करा. बिनमायकाचं मशीन चालवू नका. वाफ आणि तेल थेट वेव्हगाइडमध्ये जातं आणि पुढचा ठिपका मॅग्नेट्रॉनच्या अँटेनावरच्या टोपीवर पडतो.

कुतूहल

डायोड बदलला, थिंबल नवा टाकला, मायका ठीक होती. घरघर पूर्ण गेली, दोन-तीन सेकंदांनी आवाज बदलतो, पाणी गरम होतं. पण पूर्ण ताकदीने चालतोय का हे कसं मोजायचं? आणि दार बंद असताना हँडलकडची बाजू वर-खाली किंचित हलते. लहरी बाहेर येत असतील का?

दुरुस्तीवाली

ताकद पाण्यानेच मोजा. पातळ प्लॅस्टिकच्या भांड्यात बरोबर १ लिटर पाणी घ्या, खोलीपेक्षा जरा थंड. जाड काच किंवा चिनीमाती नको, ती उष्णता पिते. ढवळून तापमान घ्या. मशीन पूर्ण पॉवरवर ६३ सेकंद चालवा: ६० मोजणीचे आणि ३ फिलामेंट तापायचे. थर्मामीटर आत ठेवायचा नाही. बाहेर काढून लगेच ढवळा, तापमान घ्या. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ७० ने गुणा, ते आउटपुट वॅट. तुमच्या मशीनला १० अंश वाढायला हवेत. ९ आले, म्हणजे ६३०, तरी ठीक समजा. तेवढी चूक मोजण्यातही होते, आणि लाइनचं व्होल्टेज २२० वर असेल तर आउटपुट त्या प्रमाणापेक्षाही जास्त उतरतं. म्हणून त्याच वेळी सॉकेटचं व्होल्टेज बघून ठेवा. ७ किंवा त्याहून कमी आले तर मॅग्नेट्रॉन म्हातारा झालाय. बदलायची घाई नाही, नुसता वेळ जास्त लावावा लागेल.

दाराचं. दाराच्या चौकटीत चोक नावाचा खाचेचा भाग असतो, तो लहरींना परतवतो. त्यामुळे धातूला धातू चिकटून बसायची गरज नसते, आणि किंचित हालचाल हा आपोआप दोष होत नाही. दार बंद असताना बाहेर ओढून बघा, मशीन चालू असताना नव्हे. ओढल्यावर वर-खाली, डावी-उजवीकडे फट वेगळी दिसली, बिजागरी वाकलेली किंवा आतली जाळी फाटलेली असली, चौकटीवर करपलेल्या खुणा असल्या, तर चालवणं थांबवा. असं काही नसेल तर बिजागरीचे आणि लॅचच्या हुकाचे स्क्रू आवळा, चौकटीवरचा चिकट थर ओल्या फडक्याने पुसा. लॅच हलवला असेल तर वर साखळी यांना सांगितलेला स्विचचा क्रम पुन्हा तपासा.

आकडा हवा असेल तर लीकेज मीटरशिवाय पर्याय नाही. आत फोन ठेवून रिंग वाजते का बघणं ही चाचणी नव्हे. फोनचा रिसीव्हर इतका संवेदनशील असतो की चांगल्या मशीनमध्येही तो वाजतो. पेल्यात २७५ मिलिलिटर पाणी ठेवून मशीन सुरू करा आणि मीटर ५ सेंटिमीटर अंतरावरून दाराच्या चारही कडांनी, काचेसमोरून आणि केसच्या झरोक्यांवरून सावकाश फिरवा. मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटची आहे. धडधाकट दाराला आकडा त्याच्या कितीतरी खाली येतो. म्हणून २ किंवा ३ आले तरी मर्यादेत आहे म्हणून सोडू नका, ज्या कडेला आले तिथली बिजागरी किंवा हुक शोधा. स्वस्तातले मीटर निरपेक्ष आकड्याला तितकेसे भरवशाचे नसतात, पण कुठल्या कडेला जास्त येतंय हे ते नीट दाखवतात.

आणि केसचे सगळे स्क्रू परत लावा, मागचेही. एखादा राहिला तर पत्र्याला फट पडते, आणि त्यामागे मॅग्नेट्रॉन आणि ४००० व्होल्ट आहेत.